लहान पत्रं आधी

गेल्या वर्षी झाग्रेबहून एक संशोधक बाई माझ्याकडे आली होती. वेढ्याच्या दिवसांत आमच्या तळघरात कॉम्प्युटरवरून जे टपाल चालायचं, त्यावर तिला लिहायचं होतं. मी तिला सगळा प्रोटोकॉल समजावून सांगितला. पत्राच्या डोक्यावर कुठल्या ओळी कुठल्या क्रमाने यायच्या, फोन लागला की इकडचं मशीन तिकडच्या मशीनशी आधी काय बोलायचं, एकच पत्र दोनदा आलं तर दुसरं कसं ओळखून टाकून द्यायचं, सगळं. आता जगात कुठेच तो चालत नाही. ती म्हणाली, “पण त्यातल्या कितीतरी गोष्टी आजच्या टपालात आहेत बरं का.” असतील. मग तिने विचारलं, “लाइन खराब असली की कुठलं पत्र आधी जायचं, हे कोण ठरवायचं?”

मी म्हणाले, “मशीन.”

खोटं बोलले. मी ठरवायचे.

एकोणीसशे चौऱ्याण्णवचा ऑक्टोबर. साराजेव्होला वेढा पडून अडीच वर्षं झाली होती. मी पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कामाला होते, आणि ओग्न्येन मास्तर माध्यमिक शाळेत भौतिकशास्त्र शिकवायचे. आम्ही दोघं मिळून ते तळघर सांभाळायचो. दोन जुने कॉम्प्युटर, एक मोडेम, ट्रकच्या तीन बॅटऱ्या. शहरातून बाहेर फोन लागत नव्हता, पण बाहेरून आत लागू शकायचा. म्हणून जर्मनीतलं एक मशीन आम्हाला दिवसातून दोनदा फोन करायचं, सकाळी अकराला आणि दुपारी चारला. आमच्या मशीनमध्ये पाठवायची पत्रं जिथे साचायची, त्याला आम्ही ट्रे म्हणायचो; त्यातली सगळी पत्रं दाबून एक पुडकं व्हायचं आणि तिकडे जायचं. तिथून झाग्रेब, बेलग्रेड, स्प्लिट, जिथलं तिथे. पुडकं पूर्ण पोचलं तर पोचलं. मध्येच लाइन तुटली, तर तिकडचं मशीन अर्धवट आलेलं फेकून द्यायचं. पुढच्या फोनला पुन्हा पहिल्यापासून.

लोक स्वतः येऊन पत्र टाइप करायचे. पडदा भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आलेली पत्रं आम्ही छापून, घडी घालून, पिन मारून द्यायचो. कुणाचंही पत्र वाचायचं नाही, हा माझा नियम. एक्स्चेंजमध्ये एकवीस वर्षं मी लोकांच्या तारा जोडल्या होत्या, पण कधी कान लावला नव्हता. मला त्याचा अभिमान होता.

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक्स्चेंजजवळ गोळा पडला आणि लाइन बिघडली. फोन यायचा, तिकडची थोडी पत्रं उतरायची, आणि तीन-चार मिनिटांत लाइन तुटायची. आमचं पुडकं पोचायला वीस मिनिटं लागली असती. चार दिवस एकही पत्र बाहेर गेलं नाही. ट्रेमध्ये साडेतीनशे पत्रं साचली.

सोमवारी सकाळी मास्तर म्हणाले, “अल्मासा, हातानेच लहान लहान पुडकी करावी लागतील. एका फोनला वीसेक पत्रं जातील. आता सांग, कुठली वीस?”

“क्रमाने. जे आधी आलं ते आधी.”

“पहिल्या विसांत कोणीतरी मोठं पत्र लिहिलं असेल तर विसाची पाच होतात. मी बघितलंय.”

“मग आकाराने लावू. लहान आधी. म्हणजे जास्तीत जास्त लोकांची जातील.”

“किंवा वाचू या,” मास्तर हळूच म्हणाले. “दोन ओळी वाचल्या तरी कळेल कोणाचं अडलंय.”

“आणि आपण कोण ठरवणारे? एकीचं ऑपरेशन मोठं की दुसरीचं लग्न? नाही मास्तर. मी वाचणार नाही आणि तुम्हालाही वाचू देणार नाही.”

त्यांनी चष्मा पुसला. “बरं. पण एक लक्षात घे. रोज नवी पत्रं येणार, त्यात लहानही असणार. ती आधी घुसत राहणार. तळाशी आहे ते तळाशीच राहील.”

“सोमवारपर्यंत लाइन सुधारेल.”

“आज सोमवारच आहे.”

“पुढच्या,” मी म्हणाले.

लोकांना काही सांगायचं नाही, असंही मीच ठरवलं. सांगितलं असतं तर सगळे पत्र परत मागायला, कापायला, भांडायला आले असते, आणि बॅटऱ्या तेवढ्या नव्हत्या. हे कारण खरं होतं. पण मला कटकट नको होती, हेही खरं होतं.

त्याच दुपारी वेलिमिर आला. तो आमच्याच गल्लीतला, ट्रामच्या तारा दुरुस्त करणारा. शिडीवर चढून, स्नायपरच्या समोर, तारा जोडायचा आणि खाली उतरून त्यावर विनोद करायचा. बायको सुआदा आणि सहा वर्षांची इस्क्रा दोन वर्षांपासून समुद्रकाठी स्प्लिटमध्ये होत्या, निर्वासितांच्या हॉटेलात. आदल्या शनिवारी सुआदाचं पत्र आलं होतं. मीच पिन मारून त्याच्या हातात दिलं होतं.

त्याने खिशातून फ्लॉपी काढली. “शेजारीण, डेपोत बसून टाइप केलंय. तुझी बॅटरी खाल्ली नाही, त्याबद्दल एक कॉफी देणं लागतेस.”

“मसुराची आहे. चालेल?”

“मसुराला कॉफी म्हणणाऱ्या बाईवर माझा पूर्ण विश्वास आहे.”

मी फ्लॉपी घातली. आकार बघून म्हणाले, “अरे, केवढं हे!”

“नऊ पानं.”

रांगेत झुम्रा आजी होती, ती लगेच म्हणाली, “नऊ पानं? बायकोला लिहितोयस की तिच्यावर खटला भरतोयस?”

“आजी, दोन वर्षांचं तुंबलंय. समोर असती तर तिने तिसऱ्या वाक्यालाच गप्प केलं असतं. इथे तिला मध्ये बोलता येत नाही, मग सोडतो कशाला?”

सगळे हसले. निघताना तो माझ्या जवळ आला. हसणं थांबलं होतं. “शुक्रवारच्या आत जायला हवं हं.”

“सगळ्यांनाच शुक्रवारच्या आत हवं असतं, वेलिमिर.”

“हो, ते खरंच,” तो म्हणाला आणि गेला.

त्याने अजून एक वाक्य बोलायला हवं होतं. किंवा मी विचारायला हवं होतं. रांग दारापर्यंत होती.

त्या आठवड्यात आम्ही रोज चाळीस-पन्नास पत्रं बाहेर काढली. लोकांना उत्तरं यायला लागली. एक बाई माझ्या हाताचे मुके घेऊन गेली. मला वाटत होतं, चांगलं चाललंय. वेलिमिरचं पत्र यादीत सगळ्यात खाली होतं. शुक्रवारी मी यादी बघितली, तेव्हाही ते तिथेच होतं, त्याच्यावर तीनशे पत्रं. ‘पुढच्या आठवड्यात’, असं मनात म्हणून मी मशीन बंद केलं.

मंगळवारी सकाळी त्याला सुआदाचं दुसरं पत्र आलं. कपडे दोरीवर घालताना पडलेली ओली चादर उचलावी, तसं त्याने ते दोन हातांनी धरलं. वाचलं. मग खाली बसला, पायरीवर.

“शेजारीण, माझं पत्र कधी गेलं?”

मी टेबलावरच्या पिना गोळा करायला लागले.

“गेल्या सोमवारी दिलं होतं. कधी गेलं?”

“गेलं नाही. ट्रेमध्येच आहे.”

त्याने मान वर केली. मास्तर मशीनपाशी उभे होते, त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्याला सगळं सांगितलं. लाइन, पुडकी, आकार. लहान आधी, मोठी नंतर.

“आणि माझं मोठं.”

“सगळ्यात मोठं.”

तो हसला. ते हसू अजून माझ्या कानात आहे, मला ते काढता येत नाही. “मला दोन शब्द सांगायचे होते गं. ‘सही कर.’ बस. तिला स्वीडनला जायची परवानगी मिळाली होती, तिला आणि पोरीला. शुक्रवारपर्यंत सही. तिने विचारलं होतं, करू का? लिहिलं होतं, तुझं उत्तर आलं नाही तर मी समजेन तुला काहीतरी झालंय, आणि तुझ्याकडे यायला निघेन. पहिल्या ओळीत लिहिलंय मी, ‘सही कर आणि जा.’ उरलेली नऊ पानं नुसती बडबड आहे! मला कोणी सांगितलं असतं तर एका ओळीत लिहिलं असतं!”

“वेलिमिर…”

“तिने सही केली नाही. उद्या सकाळी पोरीला घेऊन निघते म्हणते. इग्मानवरून.” तो पायरीवरून उठला. “इग्मानवरून, अल्मासा! सहा वर्षांची पोर घेऊन!”

इग्मानचा रस्ता म्हणजे डोंगरउतारावरची वीतभर वाट, पलीकडच्या टेकडीवरून तोफांना उघडी. रोज तिथे एखादा ट्रक जळायचा. तो पार केला तर विमानतळाखालच्या बोगद्यातून शहरात येता यायचं. शहरातला प्रत्येक माणूस त्याच वाटेने बाहेर पडायला जीव टाकत होता, आणि ही बाई आत येणार होती. कारण मी एक पत्र वाचलं नव्हतं.

मी म्हणाले, “चारच्या फोनला तिला पाठवू. फक्त तेवढंच.”

“पत्र काल संध्याकाळचं आहे. हॉटेलातलं टपाल दुसऱ्या दिवशी दुपारी वाटतात. तोपर्यंत ती गेलेली असेल.”

तेव्हा मास्तर बोलले. “तिच्या नावावर नाही पाठवायचं. फळ्यावर टाकायचं.”

फळा म्हणजे सगळ्यांनी वाचायची जागा. पत्र एकाच मशीनवर जातं, पण फळ्यावर टाकलेलं प्रत्येक मशीन आपल्या शेजारच्या मशीनला देतं, ते पुढच्याला. कोणाला मागावं लागत नाही. एका दिवसात ते सगळ्या गावांत असतं. लोक त्यावर हरवलेली माणसं शोधायचे.

वेलिमिर टाइप करायला बसला. बोटं नीट पडेनात. मी त्याला बाजूला केलं आणि म्हणाले, “सांग.” मी पहिल्यांदाच कोणाचं तरी पत्र माझ्या हातांनी लिहीत होते.

‘सुआदा पाविच, बत्तीस वर्षं, तपकिरी कोट, डाव्या भुवईवर व्रण, बरोबर मुलगी इस्क्रा. बुधवारी स्प्लिटहून मोस्तार, याब्लानित्सा, कोन्यित्समार्गे इग्मानकडे. दिसल्यास थांबवा. नवरा जिवंत आहे. तो म्हणतो, येऊ नकोस. हा कागद बस जिथे थांबते तिथे चिकटवा.’

“अजून काही?” मी विचारलं.

“लांब होईल,” तो म्हणाला.

दुपारी चारला आम्ही ट्रे रिकामा ठेवला. तीनशे माणसांची पत्रं बाजूला, तो एकच निरोप आत. झुम्रा आजी आपल्या लेकीला लिहिलेल्या पत्राबद्दल विचारायला आली होती. मी म्हणाले, आज नाही. तिने वेलिमिरकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि त्याच्या शेजारी बसली. फोन वाजला. मोडेम किंचाळला, गप्प झाला, पुन्हा किंचाळला. पडद्यावर आकडे सरकले. दुसऱ्या मिनिटाला लाइन तुटली, पण निरोप त्याआधीच गेला होता.

दुसऱ्या दिवशी अकराला उत्तरं आली. त्या दिवशी मी सगळी वाचली, मोठ्याने. स्प्लिटहून कोणीतरी लिहिलं होतं: पहाटेच पाचच्या बसने गेल्या. मोस्तारहून: स्टँडवर तीन कागद लावले, अजून दिसल्या नाहीत. तुझ्ला तिच्या वाटेवर नव्हतंच, तरी तिथूनही कोणीतरी लिहिलं होतं, ‘आम्हीही बघतोय.’ चारच्या फोनला काहीच नाही, लाइन अर्ध्या मिनिटात तुटली. वेलिमिर कामावर गेला नव्हता. त्याने सिगारेटचा कागद बोटांनी इतका मळला की त्याचं पीठ झालं.

गुरुवारी अकराला याब्लानित्साहून पत्र आलं. नेव्हेंका नावाच्या बाईचं. ती तिथल्या शाळेत निर्वासितांसाठी स्वयंपाक करायची. शेजारच्या मदत कचेरीतल्या मशीनवर कोणीतरी निरोप वाचून तिला दाखवला होता.

मी वाचलं: ‘सापडली. काल दुपारी बस थांबली तेव्हा मी स्वतः आत चढले. कागद दाखवला. तिने दोनदा वाचला. म्हणाली, हे त्याचंच आहे, घाबरला की तो असेच हुकूम सोडतो. मी म्हणाले, मग ऐक की. म्हणाली, दोन वर्षं ऐकलं. स्वीडनची सही गेली, आता ऐकून कुठे जाऊ? खूप विनवलं. शेवटी मुलीला माझ्याकडे ठेवायला तयार झाली. मुलगी सुखरूप आहे, जेवली आहे. बाई पुढे गेली. मला तिला अडवता आलं नाही. माफ करा.’

वेलिमिर उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. “पोर मागे आहे,” तो म्हणाला. “पोर मागे आहे ना? पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं.

मग तो बोगद्याच्या शहराकडच्या तोंडाशी गेला, दोब्रिन्या वस्तीत. परवान्याशिवाय आत सोडत नव्हते. तीन दिवस तो तिथल्या वाळूच्या पोत्यांच्या भिंतीला टेकून उभा होता. त्या तीन दिवसांत इग्मानवर सारखा मारा चालला होता, तो तळघरातसुद्धा ऐकू यायचा. मी पत्रं पाठवत होते, आकाराने लावून, आणि प्रत्येक धडाक्याला हात थांबत होता. मास्तर मला एका शब्दानेही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

रविवारी सकाळी सुआदा बोगद्यातून बाहेर आली. गुडघ्यापर्यंत चिखल, एक हात फडक्याने गळ्यात बांधलेला. ज्या ट्रकच्या मागे ती बसली होती तो उताराच्या मध्येच बंद पडला होता आणि उरलेली वाट ती पाण्याच्या घळीतून सरपटत उतरली होती. वेलिमिरने तिला काय म्हटलं मला माहीत नाही. गल्लीतल्या लोकांनी एवढंच पाहिलं की तो तिला शिव्या देत होता आणि रडत होता, आणि तिने त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी ती तळघरात आली. एकटी. मी उठून उभी राहिले.

“पत्रं लावणारी तूच का?” तिने विचारलं. “वेलिमिर म्हणतो मशीनचा दोष. मास्तर खाली बघतात. म्हणजे तूच.”

“मीच.”

“कसं लावायचीस पत्रं?”

“लहान आधी.”

“आणि हे लोकांना माहीत होतं?”

“नाही.”

तिच्या हातावरचं फडकं रक्ताने कडक झालं होतं. मी काहीतरी बोलायला लागले, माफीचं, पण तिने ऐकलं नाही. “सांग त्यांना,” ती म्हणाली. “आजच. दारावर लिही.”

“ते नऊ पानांचं… काढून टाकू?”

“नको. जाऊ दे. घ्यायला तिथे कोणी नाही, तरी जाऊ दे.”

मी पुठ्ठ्यावर लिहून दारावर लावलं: लहान पत्रं आधी जातात. तासाभरात सगळ्या वस्तीला कळलं. मला वाटलं तसं भांडण झालं नाही. लोक आले, आपली पत्रं परत मागितली आणि कापू लागले. आधी खाण्यापिण्याच्या तक्रारी गेल्या, मग हवापाणी, मग ‘प्रिय’ गेलं, मग सह्या. झुम्रा आजीने लेकीला लिहिलं, ‘आहे. तू?’ आणि मला म्हणाली, “याहून लहान जमत नाही बाई.” नोव्हेंबरात लाइन सुधारली, सगळी पुडकी जाऊ लागली, नऊ पानंही गेली. मी पुठ्ठा काढला. पण पत्रं पुन्हा मोठी झाली नाहीत. वेलिमिरसुद्धा पोरीला तेवढंच लिहायचा: ‘बाबा. ठीक. दात पडला का?’

इस्क्रा याब्लानित्सालाच राहिली. तिला त्या वाटेने आत आणायचं नाही, यावर दोघांचं एकमत होतं. सुआदाला परत बाहेर जायचा परवाना मिळाला नाही. तिने चार वेळा अर्ज केला.

जून पंच्याण्णवमध्ये वेलिमिर बिअरच्या कारखान्यातल्या झऱ्यावर पाण्याच्या रांगेत उभा असताना गोळा पडला. सात माणसं गेली. त्यांत तो होता. शिडीवर चढून स्नायपरसमोर काम करणारा माणूस दोन डबे घेऊन उभा असताना गेला.

दफनानंतर दुसऱ्या सकाळी सुआदा साडेदहाला आली आणि मशीनपाशी बसली. मी पाठ फिरवली. बराच वेळ बटणांचा आवाज आला नाही. मग आला, थोडा. मग ती म्हणाली, “अल्मासा, इकडे ये. वाच.”

“मी वाचत नाही, सुआदा.”

“वाच म्हणते ना.”

पडद्यावर नेव्हेंकासाठी तीन ओळी होत्या. मी वाचल्या. त्या मी इथे लिहिणार नाही.

“बरोबर आहे?” तिने विचारलं.

“बरोबर आहे.”

“ती बाई चांगली आहे. ती पोरीला जवळ घेऊन वाचून दाखवेल. पहिली जाईल ना? तीनच ओळी आहेत.”

“पहिली जाईल.”

ती पडद्याकडे बघत राहिली. मग एकेक अक्षर पुसायला लागली, शेवटापासून, एका बोटाने. पडदा कोरा झाला तेव्हा ती उठली. “नाही. एवढंसं नाही सांगायचं तिला,” ती म्हणाली. “मी जाते.”

“परवाना?”

“गोळी घालू देत.”

गोळी घातली नाही कोणी. बोगद्याच्या तोंडाशी पहाऱ्यावर वेलिमिरच्या डेपोतला एकजण होता. त्याने तिला पाहिलं आणि दुसरीकडे तोंड केलं. ती आत शिरली, वाकून, पलीकडे निघाली, इग्मान पायी चढली. पाचव्या दिवशी याब्लानित्साच्या शाळेच्या अंगणात पोचली. नेव्हेंकाने लिहिलं होतं: ‘आली. मुलीने ओळख दाखवली नाही. माझ्या मागे लपली.’

इस्क्राला तिला आई म्हणायला दीड वर्ष लागलं. सुआदाने जबरदस्ती केली नाही. तिने त्याच शाळेच्या स्वयंपाकघरात काम धरलं, नेव्हेंकाच्या शेजारी, आणि रोज संध्याकाळी पोरीला थोडं थोडं बापाबद्दल सांगत राहिली. पहिल्या दिवशी किती बोलली असं मी एकदा तिला विचारलं होतं. ती म्हणाली, पहाटेपर्यंत बोलत होते, पोर मध्येच झोपली होती, तरी थांबले नाही.